उतरणारी पावलं

पहिलं पुनर्चित्र

रस्ता दुभाजक, भर दुपार. फिकट निळी मनुष्याकृती वाकते, कण्हेरीचं एक फूल तोडते, सरळ होते. चेहऱ्याच्या जागी धुरकट गोल.
अवधी : अकरा सेकंद.
प्रश्न : ही कृती आपली का?
उत्तर : हो.

हे उत्तर सिद्धूमामांनी दिलं तेव्हा त्यांची भाची शिवलीला कोथिंबिरीची जुडी घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होती, आणि फूल कुणी तोडलं ते तिनं स्वतः पाहिलं होतं. पुढं उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं. तोडलं, वेणीत खोचलं, आणि पंच बोलायला लागल्याबरोबर उपसून मुठीत दडवलं.

भोगनूर शहरात चौकाचौकांत उभ्या असलेल्या त्या खांबांचं सरकारी नाव 'नागरी शिस्तस्तंभ' होतं. लोक त्यांना पंच म्हणत. पुरुषभर उंच, राखी रंगाचे, वर जाळी आणि छातीच्या उंचीवर हातरुमालाएवढा पडदा. आवाज बाईचा. शाळेच्या बक्षीस समारंभात नावं पुकारणाऱ्या बाईंसारखा, गोड आणि घाई नसलेला.

"आपल्यापैकी एका व्यक्तीने फूल तोडले आहे," पंच म्हणाला. "उत्तर मिळेपर्यंत हिरवा दिवा लागणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

खांबाजवळ चौघं होती. त्यानं चौघांना विचारलं. लीला नाही म्हणाली, एक दूधवाला नाही म्हणाला, ती मुलगी नाही म्हणाली पण तिचा ओठ थरथरला. मागं रांग वाढत चालली. कुणीतरी शिवी हासडली. मामांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "माझ्याच हातून झालं बाई. सोडा सगळ्यांना."

त्यांच्या मनगटावरची सरकारी ओळखपट्टी टुणकन वाजली. दंड जागच्या जागी कापला गेला. हिरवा दिवा लागला.

"मामा, फूल त्या मुलीनं तोडलं की!" रस्ता ओलांडताना लीला चिडून म्हणाली.

"मला काय दिसत नाही होय? रडायला आली होती पोरगी."

"म्हणून तुम्ही दंड भरायचा?"

"काचेचं भांडं फुटलं की कुणाच्या तरी नावावर पडायलाच पाहिजे बघ," मामा म्हणाले. "नायतर तास पुढं सरकत नाही."

मामा, म्हणजे गुरुसिद्ध कोनापुरे, चौतीस वर्षं प्रशालेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तिथं एक फुटतूट वही असायची. परीक्षानळी, चंचुपात्र, काहीही फुटलं की फोडणाऱ्याचं नाव त्या वहीत, आणि नाव आलं की छडी. मामांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक गोष्ट सुरू केली. काच खळ्ळकन वाजली की मास्तर वळायच्या आत ते म्हणायचे, माझ्याच हातून झालं सर. चौतीस वर्षांच्या वह्यांत जवळजवळ सगळी फूट एकाच माणसाच्या हातून झाली होती. हेडमास्तर बदलले की नवे हेडमास्तर त्यांच्या हाताकडे बघायचे, कापतो का म्हणून.

तर त्या दिवशी फूल आपण तोडलं नाही हे मामांना ठाऊक होतं. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरं आणि तिसरं पुनर्चित्र

निळी आकृती भिंतीवर थुंकते. (हो.)
निळी आकृती बंद बागेच्या कठड्यावरून आत वाकून नळाचं पाणी पिते. (हो.)

दोन्ही वेळी मामा खांबाजवळ होते, आणि दोन्ही वेळी दुसरं कुणीतरी घाबरलेलं होतं.

आता हे पुनर्चित्र म्हणजे काय ते सांगायला हवं.

रस्त्यावर लोकांचे चेहरे टिपायला न्यायालयानं बंदी घातली त्याला चार वर्षं झाली होती. कॅमेरे उतरवले गेले. मग पंच बघतो कशानं? तो बघत नाहीच. फुटपाथच्या फरशांखाली दाब मोजणाऱ्या चकत्या आहेत, आणि खांबातून सतत बारीक रेडिओलहरी सुटतात, त्या माणसाच्या अंगावरून परततात. टाच आधी टेकते की चवडा, कुठल्या पायावर भार रेंगाळतो, खांदा कुठं कलतो, हे सगळं मिळून एक नागमोडी रेघ तयार होते. तिला चालठसा म्हणतात. सही दोनदा तंतोतंत तशी येत नाही, तरी बँकेतला माणूस ती ओळखतो. तसंच हे.

पण रेघ दाखवून माणसाला गुन्हा कसा पटणार? आरोप नागरिकाला दिसला पाहिजे, असं न्यायालयानंच सांगितलं होतं. म्हणून यंत्र त्या रेघेवरून चित्र रचतं. जे मोजलंय ते मोजलेलं, आणि मधली भोकं अंदाजानं भरलेली. आणि माणूस 'हो' म्हणाला की यंत्र शिकतं. ही अशी चाल म्हणजे हा माणूस. पुढच्या वेळी खात्री वाटत नसेल तेव्हा यंत्र, ज्यानं आधी हो म्हटलंय त्याच्याकडे जरा जास्त झुकतं. ते लबाड नव्हतं. त्याला प्रकरणं निकाली काढायला सांगितलं होतं, आणि भोगनुरात एक माणूस प्रकरणं निकाली काढायला मदत करत होता.

चौथं

निळी आकृती गौडतळ्याच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसली आहे. (पाण्यात उतरायला मनाई.) ती माशांना काहीतरी टाकते. चेहऱ्याच्या जागचा गोल आता इतका धुरकट नाही. टोपी आहे.

हे चित्र पंचानं दाखवलं तेव्हा लीला मोठ्यांदा हसली. कारण चित्राखाली वार होता रविवार, वेळ दुपारी बारा, आणि रविवारी दुपारी बाराला मामा तिच्यासमोर बसले होते आणि ती त्यांची नखं कापत होती. शिवाय मामांचा डावा गुडघा तीन वर्षं वाकत नव्हता. तळ्याचा घाट एकतीस पायऱ्यांचा.

"चुकतंय तुमचं," ती खांबाला म्हणाली. "हे घरी होते."

"नातेवाइकांची साक्ष ग्राह्य नाही," पंच म्हणाला. "गुरुसिद्ध, ही कृती आपली का?"

मामा पडद्याकडे बघत होते. बराच वेळ.

"हो," ते म्हणाले.

"मामा!"

"मुरमुरे होते," मामा म्हणाले. "मुरमुरे टाकत होतो मी. मोठा होता एक मासा, मिशांचा."

रांगेत कुणी नव्हतं, कुणी रडत नव्हतं. त्यांनी कुणाला वाचवायला हो म्हटलं नव्हतं. लीलाच्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

तिचं चष्म्याचं दुकान होतं, वर दोन खोल्या, त्यात ती आणि मामा. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मामांनीच तिला इथं आणलं होतं, आणि आता मामांचं विसरणं सुरू झालं तसं तिनं त्यांना सांभाळायचं हे न बोलता ठरलं होतं. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत विचारायची, हे बरं की हे? म्हातारी माणसं कंटाळली की कशालाही हो म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण मामा कंटाळले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला होता.

डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. नेत्रपटलातून मज्जातंतू जिथं बाहेर पडतो तिथं काहीच दिसत नाही. पण तिथं काळं भोक दिसतं का? नाही. आजूबाजूला जे आहे ते मेंदू तिथं पसरून टाकतो आणि आपल्याला वाटतं की आपण सगळं बघतोय. गिऱ्हाइकांना हे ती कागदावरच्या फुलीनं गंमत म्हणून दाखवायची. मामांच्या आठवणीत असे ठिपके पडत होते, कधी एक दुपार, कधी पुरता आठवडा, आणि आता त्या जागी पसरायला कुणीतरी चित्रं पुरवत होतं.

पाचवं ते नववं

मामा (आता आकृती नाही म्हणवत, मामाच) दुभाजकावर चढतात. मामा पुलाच्या कठड्यावर बसतात. मामा देवळामागं खडूनं भिंतीवर काहीतरी लिहितात, अक्षर लागत नाही. मामा बंद बाजारातून धावतात. धावतात! मामा घाटावर, पाण्यात पाय.

हो. हो. हो. हो. हो.

ते आता रोज अकराच्या सुमारास चौकात जायला लागले. "पंचाकडं जाऊन येतो," म्हणायचे, जसं कुणी लायब्ररीत जाऊन येतो म्हणावं. एकदा ती मागोमाग गेली. मामा खांबाला टेकून उभे होते.

"काल कुठं होतो मी?" ते विचारत होते.

"काल आपण घाटावर होता, गुरुसिद्ध," पंच म्हणाला.

"बरं होतं का?"

पंच म्हणाला, "आपण सत्तावीस मिनिटे होता."

"म्हणजे बरंच होतं की," मामा म्हणाले.

दहावं

घाट. दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. मामा पायऱ्या उतरतात. एक एक, न थांबता. शेवटची पायरी. फरशी इथं संपते, चित्रही इथं संपतं. शेवटच्या पायरीवरून पुढं टाकलेलं पाऊल अर्धंच दिसतं.

परतीची पावलं नाहीत.

या वेळी पंचानं उत्तर घेतलं नाही. लाल अक्षरांत सूचना आली : सत्तरीवरील नागरिकाची एका वर्षातली दहावी कृती. उत्तर सुनावणीत. होकार आल्यास ज्येष्ठ सुरक्षा नियमानुसार एकट्याने वावरण्याची मुभा रद्द व सांभाळघरात रवानगी.

सांभाळघर गावाबाहेर होतं. लीलाच्या ओळखीतली एक बाई तिथं गेली होती. दारं पट्टीनं उघडायची, आणि पट्ट्या तिथं काढून घेत.

"पाणी गार होतं," मामा घरी येताना म्हणाले. "गुडघा एकदम मोकळा झाला बघ."

लीलाच्या अंगावर काटा आला, आणि तो मामांसाठी नव्हता. घाटावर मामा उतरले नव्हते. मग उतरलं कोण?

सुनावणी अधिकारी मुजावर मॅडम डबा खात होत्या. लीलाला बघून त्यांनी डबा मिटला नाही, उलट खुर्ची पुढं सरकवली. "बसा. सकाळपासून तुम्ही चौदाव्या. भाकरी घेणार?"

"नको. मॅडम, ते चित्र माझ्या मामांचं नाही. त्यांचा गुडघा वाकत नाही. डॉक्टरचा कागद आणलाय."

"चित्रात उतरलेत ना पण."

"चित्र तुमच्या यंत्रानं काढलंय!"

"माझ्या नका म्हणू," मुजावर मॅडम म्हणाल्या. "मी नुसती सही करते."

"मग दुसरं विचारते. कुणीतरी उतरलंय आणि वर आलेलं नाही. तळ्यात शोध घेतला का?"

मॅडमनी घास गिळला. "प्रकरणाला नाव नसतं तर घेतला असता. यंत्रानं नाव लावलंय, गुरुसिद्ध कोनापुरे. ते जिवंत आहेत. म्हणजे कुणी बुडालेलं नाही."

"हे तुम्हाला पटतं?"

"बाई, मला सातशे प्रकरणं आहेत." मग खिडकीकडे बघत, आवाज उतरवून, "नाही पटत. पण एक वाट आहे. चालठसाच चुकीचा शिकला गेलाय असा अर्ज करा. मामांनी सुनावणीत दहाही चित्रांना नाही म्हणायचं, एका बैठकीत. तुम्ही शेजारी उभ्या राहू शकता, बोलायचं नाही. दहाही नकार आले तर जुना ठसा पुसतात, आणि दहाही प्रकरणं पुन्हा उघडतात. बिननावाची होतात. मग तळ्याचाही शोध निघेल."

"दहा वेळा नाही," लीला म्हणाली. "मामा जन्मात एकदा म्हणालेले नाहीत."

तिथून ती सरळ घाटावर गेली. भिंगातून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही तिची सवय. उन्हात कुणी नव्हतं. ती पायऱ्या मोजत उतरली. एकतीस. मध्ये कुठं थांबायला जागा आहे का, म्हाताऱ्या माणसाला कठडा धरता येतो का, सगळं बघत. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती उभी राहिली. खाली पाणी हिरवं आणि गप्प. तिनं त्याला हातही लावला नाही. वर येऊन ती पुन्हा उतरली, या वेळी मामांच्या वेगानं, किती वेळ लागतो ते बघायला. मग आणखी एकदा. वरचा पंच काही बोलला नाही. बोलण्यासारखं तिनं अजून काही केलं नव्हतं.

अर्ज, नमुना ७

अर्जदाराचे नाव : गुरुसिद्ध मल्लेशप्पा कोनापुरे
अर्जदाराशी नाते : भाची
चूक कशी झाली असे आपणांस वाटते (तीन ओळींत) : ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. यंत्राला हे माहीत नव्हतं. आता माहीत झालंय आणि
अन्य व्यक्तीवर संशय असल्यास नाव : नाही

सराव

दुकान बंद करून तिनं मामांना तपासणीच्या खुर्चीवर बसवलं.

"फूल तुम्ही तोडलंत?"

"हो."

"नाही म्हणायचं मामा."

"नाही म्हणायचं," मामा म्हणाले.

"फूल तुम्ही तोडलंत?"

"हो की."

असं तासभर चाललं. तिनं समजावलं, रागावली, गुडघ्याचा एक्स-रे दिव्यापुढं धरला. "हा पाय वाकत नाही. मग पायऱ्या कशा उतरलात? सांगा की!"

"ते मला काय कळतं, लीला? मला नुसतं आठवतंय." त्यांनी एक्स-रेकडे लांबून बघितलं. "आणि दुसरं काय आठवतंय मला? तूच सांग. मागच्या दिवाळीत काय केलं आपण?"

तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उजळला नाही. तिच्या शब्दांना चित्र नव्हतं.

शेवटी ती खुर्चीच्या पुढ्यात जमिनीवर बसली. थकली होती, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून जातं तसं गेलं. "मामा, तुम्ही हो म्हणालात तर शिक्षा मला होणार आहे."

मामांनी टोपी काढली. तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत प्रयोगशाळेतला जुना माणूस क्षणभर जागा झाला.

"तुला?"

"मला."

"तू काय केलंस?"

"काही नाही."

"मग मी नव्हतो," मामा म्हणाले. "मी नव्हतो तिथं. कुठंच नव्हतो."

सुनावणी

मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी नव्हतो. (घाट. थोडा वेळ लागला. मासा दिसत होता.)
मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी नव्हतो.
मी

लीला श्वास धरून उभी. पडद्यावर ती पायऱ्या उतरत होती, म्हणजे ते, मामा. शेवटची पायरी. अर्धं पाऊल. मामांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

मी नव्हतो.

"नोंद घेतली," सुनावणीच्या खोलीतला पंच म्हणाला. "ठसा पुसला जात आहे. आपल्याला भेटून आनंद झाला, गुरुसिद्ध."

चित्रांतून मामा निघून गेले. आधी टोपी, मग चेहरा. पुन्हा धुरकट गोल. मुजावर मॅडमनी सही केली आणि टेबलाखालून लीलाचा हात दाबला.

त्यानंतरचा आठवडा चांगला होता असं म्हणता आलं असतं. मामा एकटे चौकात जाऊन येत, पंच त्यांना नव्या माणसासारखा बघे, काही विचारत नसे. तेही काही विचारत नसत. घरी मात्र ते शब्द त्यांच्या जिभेवर बसले होते. जेवलात का? मी नव्हतो. आईच्या लग्नात तुम्ही करवला होतात ना मामा? मी नव्हतो. प्रशालेत आग लागली होती ती आठवते? मी नव्हतो, लीला, मी नव्हतो. आणि मग तिच्याकडे बघायचे, वाचली का, अशा नजरेनं.

तिनं रोज मुजावर मॅडमना फोन केला. तळ्याचा शोध कधी? "यंत्र आधी नाव शोधतं," मॅडम म्हणायच्या. "नाही सापडलं तर मग गळ टाकतात. परवापर्यंत थांबा."

परवा, सकाळी अकरा वाजता, ती मामांचा हात धरून चौकात उभी होती.

"नमस्कार, शिवलीला," पंच म्हणाला. "आपल्या चालीशी जुळणाऱ्या दहा कृती प्रलंबित आहेत."

पडद्यावर दुभाजक होता. निळी आकृती वाकली. कमरेला पदर खोचलेला होता.

लीला हसली नाही. तिनं फोन लावला.

"मामा-भाची आहात ना," मुजावर मॅडम पलीकडून म्हणाल्या. कीबोर्डचा आवाज येत होता. "घराण्यातच चाल असते. टाचेची बाहेरची कड आधी टेकते तुमच्या दोघांची. आणि घाटावर... तुम्ही घाटावर गेला होता? तीनदा उतरलात?"

लीलानं खाली बघितलं. तिच्या चपला, मामांच्या चपला. चारी टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. आईच्याही अशाच झिजायच्या.

"मी नाही म्हणते," ती म्हणाली.

"म्हणा. हक्क आहे तुमचा. तुम्हाला सत्तरीचा नियम नाही, हो म्हटलं तरी नुसता दंड. पण नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर कुणाला विचारेल?"

"यादीत पुढं जो असेल त्याला."

"पुढं कोण आहे?"

कीबोर्ड थांबला. "नवा ठसा आहे," मॅडम हळू म्हणाल्या. "आठवड्यापूर्वी सुरू झालेला. वय शहात्तर. बाई, मी काही..."

"कळलं," लीला म्हणाली आणि फोन ठेवला.

मागं रांग होती. ऊन वाढत होतं. मामांचा हात तिच्या हातात, कोरडा आणि हलका. त्यांना विचारलं तर ते काय म्हणतील? आज मी नव्हतो म्हणतील. पुढच्या महिन्यात? पंच रोज तिथंच उभा असेल, गोड आवाजात.

"ही कृती आपली का?"

"हो," लीला म्हणाली. पट्टी वाजली. "हो." थुंकण्याला, नळाला, माशांना. "हो." पुलाला, देवळामागच्या भिंतीला. प्रत्येक होकाराबरोबर पडद्यावरचा गोल निवळत गेला. नवव्या चित्रात तिला स्वतःच्या कपाळावरची जुनी खोक दिसली.

दहावं आलं.

ती पायऱ्या उतरत होती. चांगली उतरत होती, न थांबता, एखाद्या बाईनं काहीतरी ठरवल्यावर उतरावं तशी. लीलाला वाटलं, कुठल्यातरी घरात आज अकरावा दिवस कुणीतरी दार उघडं ठेवून बसलं असेल. ती हो म्हणाली की प्रकरणाला नाव मिळेल, नावाचा माणूस जिवंत असेल, आणि तळ्यात कुणी गळ टाकणार नाही. नाही म्हणाली की कदाचित टाकतील. कदाचित. त्याआधी मामांना विचारतील.

"ही कृती आपली का?"

"मी नव्हतो," मामा एकदम मोठ्यांदा म्हणाले, आणि तिच्याकडे बघून हसले. बरोबर म्हटलं ना?

"शाबास मामा," लीला म्हणाली. मग पंचाकडे वळली.

"हो."

पडद्यावरच्या बाईनं शेवटच्या पायरीवरून पाऊल उचललं. यंत्रानं या वेळी चित्र तिथं तोडलं नाही. आता त्याच्याकडे पुरेशी माहिती होती. पाऊल पाण्यात गेलं, मग दुसरं. पदर वर तरंगला.

"सहकार्याबद्दल आभार, शिवलीला. प्रकरण निकाली निघाले आहे."

हिरवा दिवा लागला. मागच्यांनी पुढं रेटलं. ती मामांना सांभाळत रस्ता ओलांडायला लागली.

"काय दाखवत होता गं तो?" मध्यावर मामांनी विचारलं.

"काही नाही मामा. पाणी वाटलं होतं तेवढं गार नव्हतं, वरवर कोमट होतं," लीला म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर ऐकू आलं.